पतसंस्थांची अधिवेशने आणि नेतृत्वाची कसोटी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत, समाजातील पतसंस्थांचे संचालक, सेवक आणि सभासद यांच्यासमोर दिलेले भाषण)





ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी व्याख्याता नव्हे. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तथापि गेली पंचवीस वर्षे एका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर काम करण्याचा योग आला. त्या काळात जे शिकलो आणि जे शिकायला उशीर झाला, त्या दोहोंचा हिशोब आपल्यापुढे मांडावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

विषय आहे पतसंस्थांच्या परिषदा, अधिवेशने आणि नेतृत्व. विषय जाहीर झाला तेव्हा समोरच्या काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. त्यांचा दोष नाही. अधिवेशन म्हटले की मंडप, फेटे, शाल-श्रीफळ, लांबलेली प्रास्ताविके आणि उत्तम भोजन डोळ्यांपुढे येते. आणि मनात प्रश्न येतो, की याचा खर्च कोणाच्या पैशातून झाला? हा प्रश्न योग्य आहे. किंबहुना माझे आजचे सर्व बोलणे या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मी कापडवाला, म्हणून कापडापासूनच सुरुवात करतो. आधुनिक सहकाराचा आरंभ म्हणून ज्या प्रयत्नाकडे जग पाहते, तो इंग्लंडमधील रॉचडेल गावचा. १८४४ साली तेथे २८ जणांनी एकत्र येऊन एक छोटेसे दुकान उघडले. त्यांतले बरेचसे विणकर होते. शुद्ध माल, खरे माप आणि नफ्याची न्याय्य वाटणी हे त्यांचे धोरण. पुढे दुकान चालू लागल्यावर त्यांनी नफ्यातील अडीच टक्के रक्कम सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढण्याची प्रथा घातली. पोटापाण्याची चिंता असलेल्या माणसांनी शिक्षणावर पैसा खर्च केला, याचे कारण त्यांना एक गोष्ट उमगली होती. भांडवल नसले तर संस्था उभी राहत नाही, परंतु समज नसली तर उभी राहिलेली संस्था टिकत नाही.

आंतरराष्ट्रीय सहकारी संघाची स्थापना १८९५ साली लंडनमध्ये झाली. सहकाराची तत्त्वे आपण आज पाठ म्हणतो, ती एखाद्या विद्वानाने एकांतात बसून लिहिलेली नाहीत. १९३७ साली पॅरिस, १९६६ साली व्हिएन्ना आणि १९९५ साली मँचेस्टर येथे भरलेल्या अधिवेशनांत, देशोदेशींच्या कार्यकर्त्यांनी चर्चा करून ती निश्चित केली आणि वेळोवेळी सुधारली. आजच्या सात तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण आणि माहितीचे आहे. सहावे तत्त्व सहकारी संस्थांनी परस्परांशी सहकार्य करावे, असे सांगते. म्हणजे परिषद हा सहकाराचा अलंकार नसून त्याच्या मूळ तत्त्वांतून निघालेले कर्तव्य आहे.

आपल्या देशातही हेच घडले. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला, पण त्यात केवळ प्राथमिक पतपुरवठा संस्थांचाच विचार होता. १९०६ पासून निरनिराळ्या प्रांतांच्या सहकारी निबंधकांच्या परिषदा भरू लागल्या. प्रत्येक जण आपल्या प्रांतातील अडचणी मांडू लागला, तेव्हा कायद्यातील उणिवा उघड झाल्या. त्यांतून १९१२ चा सुधारित कायदा आला आणि पतपुरवठ्याखेरीज अन्य कामांच्या संस्थांना, तसेच संस्थांच्या संघांना मान्यता मिळाली. दरम्यान १९११ साली सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांनी मुंबईत सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ती हीच. ठाकरसी हे कापड गिरण्यांचे मालक होते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. लल्लुभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता यांनी सुमारे पस्तीस वर्षे त्या बँकेचा कारभार सांभाळला. पुण्यातील राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेला त्यांचेच नाव दिले आहे.

आता एक हकीकत सांगतो, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. अमेरिकेत बॉस्टन शहरी एडवर्ड फाइलीन नावाचे एक व्यापारी होते. त्यांचे वडील यहुदी, युरोपातून अमेरिकेत आलेले. त्यांनी काढलेले तयार कपड्यांचे दुकान मुलांनी नावारूपाला आणले. हे फाइलीन १९०७ साली जगप्रवासात भारतात आले. येथे त्यांना बंगालमधील खेड्यांतल्या सहकारी पतपेढ्या पाहावयास मिळाल्या. सावकाराच्या पाशात अडकलेले शेतकरी एकमेकांच्या जामिनावर, माफक व्याजाने कर्ज घेत होते आणि फेडत होते. गरीब माणसाची पत त्याच्या तिजोरीत नसते, ती त्याच्या शेजाऱ्यांच्या विश्वासात असते, हे त्या दुकानदाराने येथे प्रत्यक्ष पाहिले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी ती गोष्ट प्रवासवर्णनापुरती ठेवली नाही. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात क्रेडिट युनियनचा, म्हणजे आपल्या भाषेत पतसंस्थेचा, कायदा झाला. कॅनडात १९०० साली अशी संस्था काढणारे आल्फोन्स देजार्दां यांचे त्यात मार्गदर्शन होते आणि फाइलीन यांचा पाठिंबा. १९२१ पासून फाइलीन यांनी रॉय बर्गेनग्रेन या वकिलाला हाताशी धरले आणि राज्याराज्यांत ही चळवळ नेण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसा खर्च केला. १९३४ च्या जून महिन्यात अमेरिकेचा राष्ट्रीय पातळीवरील कायदा झाला. लगेच ऑगस्ट महिन्यात कोलोरॅडो राज्यातील एस्टेस पार्क या डोंगरातल्या गावी निरनिराळ्या राज्यांतील पन्नासेक प्रतिनिधींची परिषद भरली आणि तीत त्यांच्या राष्ट्रीय संघाची घटना तयार झाली.

मित्रहो, आपल्याच देशातील खेड्यांनी शिकवलेला धडा एक परदेशी कापड व्यापारी घेऊन गेला आणि त्याने तो आपल्या देशात रुजवला. बंगालमधील त्या पतपेढ्या त्या काळी कित्येकांनी पाहिल्या असतील. परतल्यावर हातपाय हलवणारे थोडेच निघाले. पाहणे आणि परतून करणे यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ओलांडण्याला मी नेतृत्व म्हणतो.

एवढे मोठे दाखले दिल्यानंतर माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती फारशी भूषणावह नाही.

संचालक झाल्यावर मी प्रथम एका अधिवेशनाला गेलो, तेव्हा आम्ही चौघे होतो. दोन दिवस राहिलो. जेवण उत्कृष्ट होते. भाषणे सुरू असताना मी मागच्या रांगेत बसून दुकानाच्या दिवाळीच्या खरेदीचा विचार करीत होतो. येताना वाटेत देवदर्शन झाले. परत आल्यावर संस्थेत प्रवासखर्चाचे बिल दिले आणि ते मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी आमचा पिग्मीचा प्रतिनिधी दुकानात आला. रोज दोनशे-अडीचशे घरे फिरून दहा-वीस रुपये गोळा करणारा तो माणूस. त्याने सहज विचारले, "भाऊ, तिकडे काय ठरलं? लोक विचारतात." मला उत्तर देता आले नाही. त्याच्या हातातल्या पुस्तकात भाजीवालीचे, हमालाचे, शाळेच्या शिपायाचे खाते होते. माझ्या जेवणाचे पैसे त्या पुस्तकातून आले होते, हे मला त्या क्षणी जाणवले.

त्यानंतर काही वर्षांनी मी दुसऱ्या परिषदेला गेलो. या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या राज्यातील अनेक पतसंस्था अडचणीत आल्या, ठेवीदारांचे मोर्चे निघाले, तो तो काळ. त्या परिषदेतील एकही भाषण आज मला आठवत नाही. आठवतो तो चहाच्या वेळी भेटलेला एक माणूस. दुसऱ्या जिल्ह्यातील एका बुडालेल्या पतसंस्थेचे ते माजी अध्यक्ष होते. कोपऱ्यात एकटेच उभे होते. मी ओळख करून घेतली. अर्ध्या तासात त्यांनी मला जे सांगितले, ते कोणत्याही परिपत्रकात छापलेले नसते.

ते म्हणाले, "आमच्याकडे चोरी झाली नाही. लेखापरीक्षणात आम्हाला 'अ' वर्ग मिळत होता. आम्ही फक्त नवे-जुने करीत गेलो." नवे-जुने म्हणजे काय, हे येथील संचालकांना सांगावयास नको. परंतु सभासदांसाठी सांगतो. मार्चअखेर थकबाकीदाराला नवे कर्ज मंजूर करावयाचे, त्यातून त्याचे जुने कर्ज फेडल्याचे दाखवावयाचे आणि ताळेबंदात थकबाकी कमी झाल्याचे समाधान मानावयाचे. पैसा एक रुपयाही आलेला नसतो. व्याज मात्र मुद्दलात मिसळून कर्ज फुगत जाते. ते गृहस्थ पुढे म्हणाले, "पहिले नवे-जुने आम्ही भिडेपोटी केले. दुसरे पहिले झाकण्यासाठी केले. तिसऱ्या वर्षी आम्हाला त्याची लाज वाटेनाशी झाली."

परत आल्यावर मी व्यवस्थापकांना सांगून मागील तीन वर्षांच्या मार्च महिन्यातील कर्जवाटपाची यादी काढावयास लावली. यादी लांबलचक नव्हती. पण चौथ्या क्रमांकावर माझ्या एका व्यापारी मित्राचे नाव होते. आमची दुकाने एकाच पेठेत. त्याच्या कर्जाची शिफारस मीच केली होती. सलग तीन वर्षे ते कर्ज नवे-जुने होत आले होते आणि त्या तिन्ही सभांच्या इतिवृत्तांवर माझी सही होती.

दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी ती यादी संचालक मंडळापुढे ठेवली आणि सुरुवात माझ्या शिफारशीच्या कर्जापासून करावी, असे सुचवले. पुष्कळ वादविवाद झाला. "तुम्ही परिषदेला जाऊन आलात आणि आम्हाला चोर ठरवता काय?" असेही एक सहकारी म्हणाले. अखेर त्या वर्षापासून नवे-जुने बंद करण्याचा ठराव झाला. त्या मार्चला आमच्या ताळेबंदात थकबाकी एकदम वाढलेली दिसली आणि सर्वसाधारण सभेत आम्हाला बोलणी खावी लागली. माझ्या मित्राने एक भूखंड विकून कर्ज फेडले. आज रस्त्यात भेट झाली तर नमस्कार होतो, पण पूर्वीच्या गप्पा होत नाहीत. त्या परिषदेचा खरा खर्च मी असा भरला. संस्था मात्र आज उभी आहे.

आपण म्हणाल, ठेवीदारांच्या पैशाची एवढी काळजी कशासाठी, विमा असतोच ना? येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. ते संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू नाही. पतसंस्थेत ठेव ठेवणारा मनुष्य गावातील ओळखीच्या माणसांवर विश्वास ठेवतो. संचालकांचा शब्द हाच त्याचा विमा. म्हणून पतसंस्थेतील नेतृत्वाची कसोटी किती कर्ज वाटले, किती शाखा काढल्या, यावरून होत नसते. ती होते, भिडेच्या माणसाला योग्य वेळी 'नाही' म्हणता आले की नाही, यावरून.

काही तरुण मित्र विचारतात की आता सर्व माहिती मोबाईलवर मिळते, मग परिषदेला जावयाचे कशाला? नियमांची माहिती मिळते, हे खरे आहे. परंतु कोणताही मनुष्य स्वतःची चूक परिपत्रक काढून जाहीर करीत नाही. ती तो समोरासमोर, विश्वास वाटला तरच सांगतो. शिवाय परिषदेत शेजारच्या संस्था एकमेकींना ओळखू लागतात. एकच कर्जदार चार पतसंस्थांतून कर्ज उचलतो आणि चारही ठिकाणी तेच चार जामीनदार एकमेकांसाठी उभे राहतात, हा अनुभव कोणाला नाही? आमच्या तालुक्यातील संस्थांनी अशाच एका मेळाव्यानंतर ठरवले की, मोठे कर्ज देण्यापूर्वी इतर संस्थांचा ना-देय दाखला मागावयाचा. ठराव साधा होता. परंतु पूर्वी स्पर्धेपायी कोणी कोणाला आपली यादी दाखवत नसे. एका पंक्तीला जेवल्यावर ती अढी सुटली.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ च्या दुरुस्तीने कलम २४-अ आले आणि सभासद, संचालक व सेवक यांचे शिक्षण-प्रशिक्षण ही संस्थेची जबाबदारी ठरली. परंतु कायदा मंडपापर्यंत नेऊ शकतो. मंडपात बसून जागे राहणे आपल्याच हाती आहे.

यासाठी आमच्या संस्थेत आम्ही काही प्रथा पाडल्या आहेत. त्या आपल्यापुढे विचारार्थ ठेवतो.

पहिली प्रथा, जाण्यापूर्वी संचालक मंडळाने प्रतिनिधीला एक प्रश्न लिहून द्यावयाचा. सोनेतारणातील खोट्या दागिन्यांना आळा कसा घालावा, कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळाल्यावर जप्तीची कारवाई का रेंगाळते, असा एखादा नेमका प्रश्न. शंभर विषय ऐकून रिकाम्या हाताने येण्यापेक्षा एका प्रश्नाचे उत्तर आणणे बरे.

दुसरी प्रथा, परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत एक पानाचा अहवाल. तो संस्थेच्या सूचना फलकावर लागतो आणि त्याखाली झालेला खर्च रुपयांत लिहिलेला असतो. ज्याला तो खर्च फलकावर लिहिण्याचा संकोच वाटतो, त्याने जाऊच नये. यामुळे देवदर्शनाच्या सहली आपोआप थांबल्या. देवदर्शन आता आम्ही आपापल्या पैशाने करतो.

तिसरी प्रथा, दरवेळी तेच तिघे-चौघे जाणार नाहीत. कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण किती संस्थांच्या महिला संचालक परिषदेत दिसतात? आमच्या एक भगिनी प्रथमच गेल्या आणि त्यांनी परत येऊन विचारले, "आपल्या पिग्मी खात्यांत निम्म्या बायका आहेत, मग कर्जदारांत इतक्या कमी का?" पंचवीस वर्षांत हा प्रश्न आम्हा पुरुषांपैकी एकालाही सुचला नव्हता. त्यानंतर वसुली अधिकारी गेले, कनिष्ठ लिपिक गेले. उद्याचे व्यवस्थापक आणि उद्याचे अध्यक्ष असेच घडतात. स्वतःची खुर्ची सोडण्याआधी ती सांभाळणारा तयार करणे, हेही नेतृत्वाचे कामच आहे. या बाबतीत आम्ही ज्येष्ठ मंडळी कमी पडतो, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. येत्या निवडणुकीत मी उमेदवारी अर्ज भरणार नाही, हे या निमित्ताने येथेच सांगून टाकतो.

मित्रहो, कापडाच्या धंद्यात एक गोष्ट आम्ही प्रथम शिकतो. दिव्याच्या उजेडात सर्वच कापड चांगले दिसते. खरा रंग पाहावयाचा तर ताका दुकानाबाहेर उन्हात न्यावा लागतो. आपल्या संस्थेचेही तसेच आहे. आपल्या कार्यालयात, आपल्याच माणसांच्या स्तुतीत ती चांगलीच दिसते. परिषदेत ती बाहेरच्या उन्हात येते. तेथे दिसलेला डाग घरी येऊन धुवावयाचा की घडी घालून पुन्हा फळीवर ठेवावयाचा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

तो पिग्मीचा प्रतिनिधी आता वयोमानाने निवृत्त झाला आहे. त्याची जागा एका तरुण मुलाने घेतली आहे. मागील महिन्यात आमचे दोन प्रतिनिधी परिषदेहून परतले, तेव्हा तो मुलगा सूचना फलकापुढे उभा राहून त्यांचा अहवाल वाचीत होता आणि वहीत काही टिपून घेत होता. मी विचारले, तर म्हणाला, "लोक विचारतात ना, सांगावं लागतं." अधिवेशनाचा खर्च कोणाच्या पैशातून झाला, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती होते, आणि ते घेऊन तो भाजीबाजाराकडे निघाला होता.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास, आम्हा व्यापाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे, चूकभूल द्यावी घ्यावी.

जय जिनेंद्र.